आर२२ वर शिकलेले पाय कॅब्री जी२ वर कसे वळवावेत?

सह्याद्रीपल्याड (धागाकर्ता)

नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा असून काही वर्षांपासून इंग्लंडच्या दक्षिण भागात राहतो. इथल्या एका लहान विमानतळावर मी रॉबिन्सन आर२२ या दोन आसनी हेलिकॉप्टरवर खासगी वैमानिकाचा परवाना मिळवला. आता तिथे गँबाल कंपनीचे कॅब्री जी२ हे फ्रेंच बनावटीचे प्रशिक्षण हेलिकॉप्टर आले आहे आणि मी त्याच्या टाइप रेटिंगची तयारी करत आहे. ब्रिटनमध्ये आणि युरोपात प्रत्येक प्रकारच्या हेलिकॉप्टरसाठी असे वेगळे रेटिंग घ्यावे लागते आणि परीक्षकापुढे उड्डाण करून दाखवावे लागते. माझी चार उड्डाणे झाली आहेत. ज्यांनी एका जातीच्या हेलिकॉप्टरवरून दुसऱ्या जातीच्या हेलिकॉप्टरवर असा प्रवास केला आहे, त्यांचा अनुभव ऐकावा म्हणून हा धागा काढत आहे.

कागदावर पाहिले तर दोन्ही यंत्रे एकमेकांची भावंडे वाटतात. दोघांतही लायकमिंगचे ओ-३६० जे२ए हेच इंजिन असते (माझे आर२२ बीटा २ प्रकारचे आहे), आणि ते दोन्हीकडे पूर्ण क्षमतेपेक्षा कमी ताकदीवर चालवले जाते. कमाल वजन आर२२ चे ६२२ किलो, तर कॅब्रीचे ७०० किलो. फरक आहे तो डोक्यावर आणि शेपटीत. आर२२ ला दोन पाती असतात आणि ती तराजूच्या दांडीसारखी एका मध्यबिंदूवर झुलतात. कॅब्रीला तीन पाती असून प्रत्येक पाते आपापल्या सांध्यावर स्वतंत्रपणे हलू शकते. आर२२ चा मुख्य रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, कॅब्रीचा घड्याळाच्या दिशेने. शिवाय आर२२ च्या शेपटीला उघडा छोटा रोटर आहे, तर कॅब्रीच्या शेपटीत गोल खिडकीसारख्या पोकळीत सात पात्यांचा पंखा बसवला आहे, ज्याला फेनेस्ट्रॉन म्हणतात.

रोटर एका दिशेने फिरला की यंत्राचे शरीर उलट दिशेने वळू पाहते, आणि पायाखालची पेडल शेपटीचा जोर बदलून ते वळण रोखतात. म्हणून दिशा उलटी म्हणजे पाय उलटे, हे मला पहिल्या दिवशीच सांगितले गेले होते. आर२२ मध्ये कलेक्टिव्ह (यंत्राची उचल कमीजास्त करणारा डाव्या हाताचा दांडा) वर घेतला की नाक उजवीकडे जाऊ पाहते आणि डावे पेडल द्यावे लागते. कॅब्रीत नाक डावीकडे जाते आणि उजवे पेडल लागते. जमिनीवर बसून हे मी शंभर वेळा म्हटले होते. तरीही तिसऱ्या उड्डाणात एक प्रसंग घडला, तो जसा घडला तसा सांगतो.

आम्ही गवताळ पट्टीकडे उतरत होतो. वारा समोरून, हलका. शेवटच्या तीसेक फुटांवर वेग ओसरत आला, यंत्र किंचित थरथरले, म्हणजे पुढच्या वेगामुळे मिळणारी जादा उचल संपली, आणि मी यंत्र खाली बसू नये म्हणून कलेक्टिव्ह वर घेतला. नाक डावीकडे सरकू लागले. मला ते स्पष्ट दिसत होते. विंडसॉकचा, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीचा, खांब काचेच्या मधून उजव्या चौकटीकडे चालला होता. माझा डावा पाय पुढे गेला. नाक आणखी जोरात वळले, तेव्हा मी पाय बदलला खरा, पण उजवे पेडल इंचभरच दाबले आणि परिणामाची वाट पाहत थांबलो. काहीच झाले नाही. प्रशिक्षकांनी त्यांच्या पेडलवर पाय रोवला, उजवे पेडल माझ्या बुटाखालून जवळजवळ शेवटापर्यंत गेले, आणि नाक थांबले. त्या वेळी आम्ही वाऱ्याला आडवे झालो होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पाय चुकला याचे वाईट वाटलेच, पण बरोबर पाय दिल्यावरही यंत्राने ऐकले नाही याची भीती त्याहून अधिक वाटली. माझ्या मनात दोन प्रश्न आहेत. पायांची जुनी सवय मोडण्याचा काही भरवशाचा मार्ग आहे का? आणि फेनेस्ट्रॉनचे पेडल इतके वेगळे का वागते?

विंडसॉक

आपण प्रसंग प्रामाणिकपणे लिहिलात, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी न्यूझीलंडमध्ये प्रशिक्षक आहे आणि आर२२ वरून कॅब्रीवर आलेले बरेच विद्यार्थी माझ्या शेजारी बसले आहेत. आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे आधी वळतो, कारण सुरक्षिततेच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे.

कॅब्रीच्या शेपटीचा उभा पंख मोठा आहे. वेगात उडत असताना मुख्य रोटरच्या पिळाविरुद्धचे बहुतेक काम तो पंखच हवेच्या जोरावर करतो आणि फेनेस्ट्रॉनला जवळजवळ विश्रांती मिळते. वेग ओसरला की पंखाचे काम संपते आणि सगळा भार फेनेस्ट्रॉनवर येतो. म्हणजे सरळ उड्डाणातील पेडलची जागा आणि हॉवरमधील, म्हणजे हवेत एका जागी स्थिर असतानाची, जागा यांच्यात मोठे अंतर आहे, आणि हे अंतर आर२२ च्या तुलनेत कितीतरी जास्त आहे. त्यातच फेनेस्ट्रॉनचा जोर पेडलच्या हालचालीबरोबर सारख्या प्रमाणात वाढत नाही. सुरुवातीच्या टप्प्यात पेडल सरकते पण जोर फारसा वाढत नाही, आणि पुढे गेल्यावर तो झपाट्याने वाढतो. आपण इंचभर पेडल देऊन थांबलात ते नेमके त्या सुस्त टप्प्यात. यंत्र ऐकत होते, पण आपण त्याला पुरेसे सांगितलेच नव्हते.

अशा प्रसंगांतून अपघात झाले आहेत. नाक वळू लागते, वैमानिक थोडे पेडल देतो, उपयोग होत नाही असे समजून ते सोडतो किंवा घाबरून कलेक्टिव्ह आणखी ओढतो, आणि यंत्र भोवऱ्यासारखे फिरते. कॅब्रीच्या निर्मात्यांनी उतरतानाच्या दिशानियंत्रणाविषयी २०१२ साली स्वतंत्र सर्व्हिस लेटर काढले, ते आपल्या प्रशिक्षकांकडून मागून घ्या आणि वाचा. त्याचा गाभा एवढाच, की नाक अनपेक्षितपणे डावीकडे फिरू लागले तर उजवे पेडल पूर्ण द्यावे आणि वळण थांबेपर्यंत ते धरून ठेवावे. अर्धवट पेडल देऊन पाहू नये.

पायांच्या सवयीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. डावा की उजवा हा विचारच करू नका. नजर दूरवर, पन्नाससाठ मीटरवरच्या एखाद्या झाडावर ठेवा, आणि नाक जिकडे न्यायचे आहे तिकडचे पेडल द्या. पेडलचा अर्थ दोन्ही यंत्रांत एकच आहे, उजवे पेडल नाक उजवीकडे नेते. पाठ केलेले नियम ऐन वेळी आठवत नाहीत, पण नाक डोळ्यांपुढे सतत असते.

जुनाचेतक

धागाकर्त्यांना आणि विंडसॉक सरांना नमस्कार. मी भूदलाच्या हवाई शाखेतून निवृत्त झालो. माझे शिक्षण नाशिकरोडच्या तळावर चीता आणि चेतक यांवर झाले. ही दोन्ही मूळची फ्रेंच यंत्रे, हिंदुस्तान एरोनॉटिक्सने भारतात बनवलेली, आणि त्यांचे रोटर कॅब्रीसारखेच घड्याळाच्या दिशेने फिरतात. त्यामुळे माझे पाय सुरुवातीपासून फ्रेंच शाळेतले. निवृत्तीनंतर नागरी सेवेत बेल ४०७ वर गेलो, त्याचा रोटर उलट्या दिशेचा. म्हणजे मी आपलाच प्रवास विरुद्ध दिशेने केला.

विंडसॉक सरांनी नजर दूर ठेवण्याबद्दल जे सांगितले, ते शंभर टक्के बरोबर आहे, पण माझ्या मते ते पुरेसे नाही. सावकाश बिघडणारी गोष्ट डोळे सावरतात. अचानक बिघडणारी गोष्ट सावरायला वेळ नसतो, तिथे शरीर जुने तेच करते. हजारो तास चेतक उडवल्यावर बेलच्या पहिल्या महिन्यात हॉवर, वळणे, उतरणे हे सगळे मला चांगले जमत होते. एके दिवशी दरीच्या तोंडाशी वाऱ्याचा झोत खालून आला, मी झटकन कलेक्टिव्ह ओढला, आणि डोळ्यांनी काही पाहण्याआधी माझा उजवा पाय गेला होता. कलेक्टिव्हबरोबर जाणारा पाय हा नाक पाहून जात नाही, तो हाताबरोबर जातो. हात आणि पाय यांची ती गाठ जुनी असते, आणि ती सोडवून नवी बांधावी लागते.

म्हणून मी जे केले ते सांगतो. घरी खुर्चीत बसायचे, डाव्या हातात लाटणे धरायचे, आणि डोळे मिटून लाटणे वर घेताना नव्या यंत्रासाठी लागणारा पाय पुढे सरकवायचा, खाली घेताना दुसरा. सकाळी दहा मिनिटे, रात्री दहा मिनिटे. तोंडाने म्हणायचे नाही, मोजायचेही नाही, फक्त करायचे. तीन आठवड्यांनी हात हलला की पाय आपोआप हलू लागला. आपल्यासाठी लाटणे वर, उजवा पाय पुढे. लाटणे एकदम खाली, डावा पाय पुढे, कारण इंजिन बंद पडले तर कॅब्रीचे नाक उजवीकडे जाईल.

फेनेस्ट्रॉनबद्दल मुंबईकरांना एक गोष्ट ओळखीची वाटेल. जुहूच्या धावपट्टीवरून समुद्रातल्या तेलविहिरींकडे जाणारी पवनहंसची डॉफिन हेलिकॉप्टरे अनेकांनी पाहिली असतील. त्यांच्या शेपटीतला झाकलेला पंखा म्हणजे फेनेस्ट्रॉनच, आणि त्यांचा रोटरही फ्रेंच दिशेचा. प्रोव्हान्सच्या बोलीत या शब्दाचा अर्थ छोटी खिडकी असा होतो. माझा स्वतःचा अनुभव उघड्या शेपटीच्या रोटरचा असल्यामुळे पेडलच्या लांब प्रवासाबद्दल मी विंडसॉक सरांचेच म्हणणे प्रमाण मानीन.

रोटरगणित

मी हेलिकॉप्टर देखभालीच्या कामात आहे, उडवत नाही, म्हणून पायांच्या वादात पडत नाही. पण धाग्यात डोक्यावरच्या रोटरचा उल्लेख एका वाक्यात संपला आणि तिथे आणखी एक मोठा फरक दडलेला आहे.

आर२२ सारख्या झुलत्या दोन पात्यांच्या रोटरात यंत्राचे शरीर रोटरखाली लोलकासारखे लोंबत असते. सायक्लिक (यंत्राला पुढेमागे व बाजूंना झुकवणारा उजव्या हाताचा दांडा) एकदम पुढे ढकलून यंत्र क्षणभर वजनहीन केले तर रोटरचा शरीरावरचा ताबा सुटतो, शेपटीच्या रोटरमुळे यंत्र उजवीकडे कलते, आणि वैमानिकाने स्वाभाविक प्रतिक्रिया म्हणून सायक्लिक डावीकडे नेला तर रोटरचा मधला भाग त्याला फिरवणाऱ्या उभ्या दांड्यावर (मास्टवर) आपटतो. याला मास्ट बम्पिंग म्हणतात आणि त्यातून सहसा कोणी वाचत नाही. कॅब्रीत प्रत्येक पाते मध्यापासून थोड्या अंतरावरच्या सांध्याला जोडलेले असल्यामुळे वजन कमी झाले तरी शरीरावरचा ताबा राहतो. हा फार मोठा फायदा आहे.

मात्र त्याची दुसरी बाजू आहे. पाती पुढेमागेही थोडी हलू शकतात, म्हणून त्यांच्या मुळाशी डॅम्पर, म्हणजे ही हालचाल शोषणारे रबरी भाग, बसवलेले असतात. हे डॅम्पर खराब असतील आणि उतरताना एक स्किड (चाकांऐवजी खाली असलेली आडवी नळी) जोरात टेकून यंत्र हिंदकळले, तर पात्यांमधले समान अंतर बिघडते, रोटरचा तोल जातो आणि जमिनीवर उभे असलेले यंत्र स्वतःच्या हादऱ्यांनी मोडू शकते. याला ग्राउंड रेझोनन्स म्हणतात. आर२२ वर शिकलेल्या वैमानिकाने हे कधी अनुभवलेले नसते, कारण त्या रोटरात पाती अशी पुढेमागे हलतच नाहीत. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत पात्यांच्या मुळाशी दोन मिनिटे जास्त थांबा. रबराला भेग दिसली, एखादे पाते हाताने हलवल्यावर बाकीच्यांपेक्षा सैल लागले, तर आम्हाला बोलवा. आम्ही त्यासाठीच आहोत, आणि वैमानिकाने विचारलेल्या शंकेचा राग कोणत्याही चांगल्या मेकॅनिकला येत नाही.

कॅलिफोर्नियातून

मी इथे आर२२ वरच शिकत आहे. अमेरिकेत इतक्या हलक्या हेलिकॉप्टरला वेगळे टाइप रेटिंग लागत नाही, पण १९९५ साली आलेल्या विशेष नियमामुळे रॉबिन्सनच्या आर२२ आणि आर४४ साठी वेगळे शिक्षण सक्तीचे झाले. विद्यार्थ्याने आर२२ एकट्याने उडवण्यापूर्वी त्याच यंत्रात किमान २० तास प्रशिक्षकाबरोबर काढावे लागतात. रोटरगणित यांनी सांगितलेला मास्ट बम्पिंगचा धोका आणि रोटरचा वेग पडण्याचा धोका हे दोन्ही त्यात शिकवतात. माझा प्रश्न असा, की कॅब्री सर्व बाबतींत सुरक्षित असेल तर आर२२ वर शिकण्यात माझा तोटा होत आहे का?

विंडसॉक

तोटा होत नाही. आर२२ चा रोटर हलका आहे, त्यात साठलेली ऊर्जा कमी. इंजिन बंद पडले तर कलेक्टिव्ह त्याच क्षणी खाली गेला पाहिजे, नाहीतर रोटरचा वेग इतका पडतो की पाती हवेत थबकतात आणि मग काहीच वाचवता येत नाही. ही तत्परता आर२२ च्या विद्यार्थ्याच्या अंगात मुरते आणि ती कोणत्याही हेलिकॉप्टरवर उपयोगी पडते.

मला खरी काळजी उलट्या प्रवासाची वाटते. कॅब्रीचा रोटर अधिक ऊर्जा साठवतो, त्यामुळे ऑटोरोटेशन (इंजिनाच्या ताकदीशिवाय, हवेच्या जोरावर रोटर फिरत ठेवून उतरणे) सुरू करताना थोडी अधिक सवड मिळते. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून द्यायची उष्णता (कार्ब हीट) यंत्र स्वतःच सांभाळते. किती ताकद उरली आहे, हे एकाच दर्शकावर टक्क्यांत दिसते. सहा महिने अशा यंत्रावर काढलेला वैमानिक एखाद्या दमट सकाळी पुन्हा आर२२ मध्ये बसतो, तेव्हा त्याला मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) १८ इंचांखाली जाताना कार्ब हीट पूर्ण ओढायची आठवण राहिली पाहिजे, आणि ताकदीची कमाल मर्यादा तापमान व उंची पाहून तक्त्यातून काढली पाहिजे. सह्याद्रीपल्याड, रेटिंग मिळाल्यावर आपण दोन्ही यंत्रे उडवणार असाल तर हे आधीच ठरवून ठेवा. एकाच दिवशी दोन्ही उडवू नका, निदान पहिले वर्षभर तरी.

जुनाचेतक सरांचे म्हणणे मी मान्य करतो. हात आणि पाय यांची गाठ हा मुद्दा मी विद्यार्थ्यांना पुरेसा समजावून सांगत नव्हतो. नजरेचा नियम शांत हवेसाठी आणि गाठ नवी बांधण्याचा सराव अचानक प्रसंगासाठी, असे दोन्ही यापुढे शिकवीन.

सह्याद्रीपल्याड

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहीत आहे, कारण अर्धवट काही सांगायचे नव्हते.

लाटण्याचा सराव रोज केला. बायकोने दुसऱ्या दिवशी कारण विचारले आणि मग तीच शेजारी उभी राहून मध्येच "वर", "खाली" असे अनपेक्षितपणे सांगू लागली, त्याचा फार उपयोग झाला, कारण पुढची हालचाल कोणती हे मला ठाऊक नसायचे. पंधराव्या दिवसाच्या सुमारास गाडी चालवताना हँडब्रेक वर घेतला आणि उजवा पाय आपोआप ताठरला, तेव्हा गाठ बदलू लागल्याचे जाणवले.

फेनेस्ट्रॉनसाठी प्रशिक्षकांनी एक वेगळा धडा घेतला. पाचशे फुटांवर, भरपूर मोकळ्या जागेवर, सरळ उड्डाणातून वेग हळूहळू कमी करत जायचे आणि नाक एका चर्चच्या मनोऱ्यावर रोखून धरायचे. मी फक्त पेडल कुठे कुठे जाते हे पाहायचे. ६० नॉटवर उजवा पाय बराच मागे होता. ४० च्या खाली तो पुढे निघाला. वेग जवळजवळ संपला तेव्हा माझा गुडघा सरळ होत आला होता. हा प्रवास सहा वेळा केल्यावर मला कळले की त्या दिवशी मी इंचभर पेडल देऊन का फसलो. आता उतरताना कलेक्टिव्ह वर जाण्याआधीच उजवा पाय निघालेला असतो, आणि नाक सरकण्याची वाट मी पाहत नाही. जागच्या जागी वळायचे असेल आणि वारा असेल, तर वळण शक्यतो उजवीकडून आणि सावकाश घेतो, कारण डावीकडचे वळण रोटरच्या पिळाच्याच दिशेचे असते आणि ते हाताबाहेर जायला वेळ लागत नाही.

रोटरगणित यांच्या सूचनेप्रमाणे तपासणीत पात्यांच्या मुळाशी थांबतो. मागच्या आठवड्यात एका डॅम्परवर मला बारीक रेघ दिसली. मेकॅनिकने भिंग लावून पाहिले, ती वरवरची मातीची रेघ निघाली, आणि त्याने फडक्याने पुसून दाखवली. तो शांतपणे म्हणाला की पुढच्या वेळीही असेच बोलवा.

परीक्षा परवा झाली. परीक्षकांनी ऑटोरोटेशनसाठी न सांगता इंजिनची ताकद काढली. कलेक्टिव्ह खाली गेला आणि डावा पाय त्याच्याबरोबर गेला, नाक जागेवरून हलले नाही. शेवटी हॉवरमध्ये आल्यावर त्यांनी मला गवतावर स्किड टेकवायला सांगितले. कॅब्री हॉवरमध्ये उजवीकडे किंचित झुकलेली असते, आर२२ च्या उलट, म्हणून उजवा स्किड आधी टेकला, मग डावा. मी कलेक्टिव्ह पूर्ण खाली केला, आणि उजवा पाय हळूच मागे आला.